आतली बाजू

गॅसच्या वरच्या कपाटाचं दार वाकलंय. एकाच बाजूने भाजलेल्या पापडासारखी त्याची कड वर आलीय आणि ते काही केल्या नीट लागत नाही. स्वयंपाकघराचं काम चाललं होतं तेव्हाच मी सांगत होते, दारांना आतूनही सनमायका लावून घ्या, नाहीतर कोरा प्लाय रोज कुकरची वाफ पिणार.

"आत कोण बघायला येतंय?" हे म्हणाले होते.

हॉलमधल्या शोकेसला मात्र आतून-बाहेरून पॉलिश झालं, कारण तिथे पाहुणे बसतात. घरातला पैसा आणि कौतुक असं सगळं दर्शनी बाजूला जातं. आतल्या बाजूने निमूट वाफ सोसायची, आणि वाकलं की वर बोलणी खायची.

आज सकाळी चहाची पावडर काढायला ह्यांनी ते दार उघडलं, तर परत लागेना.

"तू आपटतेस, म्हणून वाकलंय." मग आत डोकावून म्हणाले, "आतून काय अवस्था झालीय गं ह्याची."

"आलं ना शेवटी कोणीतरी बघायला," मी म्हटलं आणि त्याच दाराखाली कुकर चढवला.