अक्काच्या नावाची ओळ

जळगावात पंचवीस वर्षं मी केबलच्या तारा ओढल्या. एका घराच्या धाब्यावरून दुसऱ्या घराच्या धाब्यावर, मे महिन्यात पत्र्यावर पाय भाजत. मग गुडघा गेला आणि त्याच सुमाराला टीव्हीची जाड केबलही गेली. तिच्या जागी केसाएवढी काचेची तार आली आणि तिच्यातून घरोघर इंटरनेट जायला लागलं. आमचे केबलवाले शेठ मारवाडी घरातले, धंद्यात पक्के, पण जुन्या माणसाला वाऱ्यावर सोडणारे नव्हेत. ते म्हणाले, "भाऊ, आता वर चढणं बंद. ऑफिसात बसा, स्क्रीन सांभाळा." मी मनात म्हटलं, झालं, आता हे मला गोडीगुलाबीने काढणार. ज्याला इंग्रजी पाटी वाचताना ओठ हलवावे लागतात, त्याच्या हाती स्क्रीन देणं म्हणजे घरचा रस्ता दाखवणंच.

शिकवायला बसली शेठची सून. शिकलेली मुलगी, मला काका म्हणायची. पहिल्या दिवशी तिने ते सॉफ्टवेअर उघडलं आणि मला घाम फुटला. डावीकडे एक लांबलचक यादी. तिच्यातल्या अधिकच्या चिन्हावर बोट दाबलं की आतून दुसरी यादी निघायची, तिच्यातून तिसरी. आधी गाव, मग गावातलं मोठं यंत्र, मग त्या यंत्राची भोकं, मग एकेका भोकावर टांगलेले घराघरांतले इंटरनेटचे डबे. वरती आणखी एक मेनूंची रांग. उजवीकडे तक्ता, त्यात प्रत्येक घराची एक ओळ, आणि ओळीच्या सुरुवातीला एक ठिपका. हिरवा, नाहीतर लाल.

"काका, एवढं ध्यानात ठेवा," ती म्हणाली. "हिरवा म्हणजे डब्याला वीज आहे आणि तारेतून उजेड पोचतोय. बस, एवढंच. नेट नीट चालतंय का, कोणी वापरतंय का, मधे किती वेळा बंद पडलं, ते सगळं आतल्या पानांवर. हिरवं दिसलं म्हणून उठून जायचं नाही."

मी शंभर पानी वही आणली. एका पानावर एक मेनू, जसा दिसतो तसा चौकोन काढून, आणि शेजारी मराठीत, हे दाबलं की काय होतं. इंग्रजी शब्द मी वाचत नव्हतो, त्यांची जागा पाठ करत होतो. तिसऱ्या रांगेतलं दुसरं म्हणजे उजेड किती कमी झाला. शेवटून पहिलं म्हणजे बंद का पडला. हे शेवटचं पान मला फार आवडायचं. घरातली वीज गेली की तो डबा मरता मरता एक निरोप पाठवतो, माझी वीज गेली म्हणून. तार तुटली तर निरोपही येत नाही, नुसताच गप्प होतो. दोन्हीच्या नोंदी वेळेसकट होतात. जळगावच्या खुर्चीत बसून मी नशिराबादच्या गिऱ्हाइकाला सांगायला लागलो, "तुमचा डबा दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी कोणीतरी बंद केलाय, घरात विचारा." तिकडून आधी घरात हाका. मग, "हो, इस्त्रीसाठी पिन काढली होती." माझी कॉलर ताठ व्हायची. सहा महिन्यांत वहीची गरज उरली नाही. मला वाटायला लागलं की आता हे सगळं मला कळतं.

त्याच वर्षी शेठनी धुळ्याकडच्या नरडाण्याच्या एमआयडीसीपर्यंत तार नेली. तिथून आमचं गाव हाकेच्या अंतरावर. गावी आमचं दोन खोल्यांचं घर, आणि घरात एकटी अक्का.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. अक्काचं लग्न झालं, तिसऱ्या वर्षी नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि मग कुठे गेलीच नाही. मला न्हाऊमाखू घालणं, शाळेत ढकलणं, दहावीत दोनदा नापास झालो तेव्हा वडिलांच्या आणि माझ्या मधे उभं राहणं, सगळं तिने केलं. माझ्या लग्नानंतर जळगावला ये म्हणून किती सांगितलं, पण चार दिवस राहिली की पाचव्या दिवशी पिशवी भरायची.

तर तिच्या घरी मी कंपनीचा डबा बसवला. माझ्याच हाताने, दारामागच्या भिंतीवर, मेन स्विचच्या खाली. तिला मोबाईलवर कीर्तन कसं लावायचं ते शिकवलं. यादीत गिऱ्हाइकाचा नंबर टाकायचा नियम होता. मी इंग्रजी अक्षरं जुळवून अक्का असं लिहिलं. शेठच्या सूनबाईंनी पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

अक्काची एक सवय होती. झोपायच्या आधी ती घरचा मेन स्विच खाली ओढायची. लाईटचा भरवसा नाही, झोपेत कुठे ठिणगी पडली तर, ही तिची जन्माची भीती. स्विच उंचावर, म्हणून स्टुलावर चढायची. पहाटे उठली की पुन्हा स्टूल, पुन्हा स्विच वर. मी ओरडायचो, "अक्का, डबा चालू राहू दे, रोज झटका बसून खराब होईल." ती हो म्हणायची आणि रात्री पुन्हा ओढायची.

त्यामुळे काय झालं, सकाळी सातला मी ऑफिसात आलो की तिच्या ओळीवर मला नोंद दिसायची. रात्री नऊला वीज गेली, पहाटे साडेपाचला आली. दुपारी गावाचीच लाईट जायची तेव्हा सगळे डबे एकदम लाल व्हायचे, ते वेगळं. पण रात्रीची ही नोंद फक्त अक्काची. मी चहा पीत मनात म्हणायचो, उठली. हात तोंड धुऊन देवापाशी बसली असेल.

आणि मी सकाळचा फोन बंद केला.

आधी रोज करत होतो. पण अक्काचा फोन म्हणजे अर्धा तास. शेजारणीच्या बकरीला काय झालं, कोणाच्या लग्नात वरणबट्टीत मीठ जास्त पडलं, भरताची वांगी यंदा कशी कडू निघाली. इकडे दुसऱ्या फोनवर गिऱ्हाइकं कावलेली. माझं डोकं लवकर तापतं, मी हं हं करत घड्याळ बघायचो, आणि ते तिला कळायचं. तेव्हा ठिपका मला फार सोयीचा वाटला. एक नजर टाकली की काम भागलं. महिन्यातून एकदा फोन, सणाला एक फेरी.

एकदा तिनेच विचारलं, "काबरं रे भाऊ, आते फोन नही करस?"

मला सरळ सांगता आलं असतं की आळस करतो, चुकलं. पण ती कधी उठते, कधी झोपते ते सगळं मला इथून दिसतं, असं ठोकून देत मी म्हणालो, "अक्का, माले आठेन बठ्ठं दिखस. तू कवय उठनी, कवय जपनी, बठ्ठं दिखस ऑफिसम्हा."

"मी दिखस का तुले?"

"हा, दिखस ना."

ती म्हणाली, "मंग बरं शे." तिच्या आवाजात असं समाधान होतं की मला पुढे काही समजावत बसायची गरज वाटली नाही. खरं तर लाज वाटायला हवी होती.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तिच्या ओळीवर रात्रीची नोंद दिसली नाही. ठिपका हिरवा. दुसऱ्या दिवशीही नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, शेवटी ऐकलं माझं, आता स्विच ओढत नाही. सूनबाईंना हसत सांगितलंसुद्धा की आमची अक्का सुधारली. त्या आठवड्यात कुठेतरी खोदकामात तार तुटली होती, अर्धं नशिराबाद लाल होतं, आणि मी फोन घेऊन घेऊन वैतागलो होतो. सकाळी यादी वर सरकवताना अक्काची ओळ हिरवी दिसायची, की मी पुढे.

नवव्या दिवशी अक्काच्या शेजारच्या वहिनींचा, तिला धुळ्याला नेता नेता, फोन आला. "भाऊ, अक्कानी तब्येत बेस नही. आठ-नऊ रोज व्हयनात, खाटवरच शे. आज बोलत बी नही. आम्ही धुयाले ली जाई ऱ्हायनूत, तुम्ही तठेच या."

"नऊ दिवस? वहिनी, मला एक फोन तरी करायचात."

"मी कितला वखत म्हनी, भाऊले फोन करू. ती म्हने, नको, त्याले तठेन दिखस."

त्याला तिकडून दिसतं, हे माझेच शब्द होते. मी उठलो, चपला घातल्या आणि निघण्याऐवजी पुन्हा खुर्चीत बसलो. तिच्या ओळीवर बोट दाबलं. आतलं पान उघडलं. रोज नऊची नोंद, रोज साडेपाचची नोंद, महिनोन् महिने, एकाखाली एक. आणि मग नऊ रात्री कोऱ्या. स्टुलावर चढायची ताकद तिच्यात उरली नव्हती, म्हणून स्विच वरच राहिला होता. दुसरं पान उघडलं, वापराचं. दुपारी तीनला कीर्तनाची उंच रेघ असायची, ती नऊ दिवस जमिनीला टेकलेली. सगळं लिहिलेलं होतं. माझ्या वहीत त्या दोन्ही पानांचे चौकोन काढलेले होते, शेजारी माझ्याच अक्षरात अर्थ लिहिलेला होता. माझ्याएवढा मूर्ख माणूस त्या खुर्चीत आधी कोणी बसला नसेल.

धुळ्याच्या दवाखान्यात तिच्या नाकाला नळी होती. न्यूमोनिया, फार उशीर केलात, डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी तिला जरा शुद्ध आली. तिने माझा हात चाचपला.

"उना का भाऊ?"

"हो अक्का."

"काम व्हतं ना रे तुले? मी म्हने वहिनीले, त्याले दिखी ऱ्हायनं, सवड भेटनी का येई."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्याला दिसतंय, सवड मिळाली की येईल, असं म्हणून ती माझी बाजू घेत होती, वडिलांसमोर घ्यायची तशीच. तेव्हा सांगायचं होतं की अक्का, मला तू कधीच दिसली नाहीस. मी तुला खोटं सांगितलं. तू आजारी आहेस हे मला माहीत असतं तर मी त्याच दिवशी आलो असतो. पण ते सांगायचं म्हणजे फोन का बंद केला तेही सांगावं लागलं असतं. मी मान हलवली. म्हणालो, "हा अक्का, काम व्हतं." तिने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मी तिला नऊ दिवस बघत बसलो आणि आलो नाही, असंच समजून गेली.

तेरावं झाल्यावर मी तो डबा काढायला बसलो. कंपनीची वस्तू, परत करायची होती. वहिनी चहा घेऊन आल्या. खोलीतली खाट नेहमीच्या जागी, खिडकीखाली नव्हती. दारामागच्या भिंतीसमोर आडवी लावलेली होती. मी विचारलं, ही इकडे कोणी आणली.

वहिनी म्हणाल्या, अक्कानेच आणायला लावली. ताप चढला त्या दिवशी म्हणाली, माझी खाट त्या डब्यासमोर सरकव, खिडकीत भावाला मी दिसत नसेन. तशी ती रोजच बोलायची त्याच्याशी. पहाटे स्विच वर केला की डब्याचा दिवा लागेपर्यंत उभी राहायची आणि म्हणायची, "उजाडनं रे भाऊ, चहा पी ले." मग बकरीचं, वांग्यांचं, काय काय सांगत बसायची. शेवटी शेवटी आवाज फुटत नव्हता, तरी तिकडे तोंड करून ओठ हलायचे.

माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. डबा भिंतीवरून अर्धा सुटला होता. मी म्हणालो, "वहिनी, मला फक्त ह्या डब्याला वीज आहे की नाही तेवढंच दिसायचं. अक्का दिसत नव्हती. ऐकूही येत नव्हतं काही."

वहिनी कपबशी हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग खाटेकडे.

"मंग अक्का इतला रोज कोनासंगे बोले?" त्या म्हणाल्या.