विहीणबाईंपुढे टेकलेले गुडघे

चहाचा कप आधी खाली ठेवा. मी माझाच पराक्रम सांगणार आहे, आणि तुम्ही हसणार आहात!

माझी सायली वाढली अबुधाबीत आणि लग्न केलं नायजेरियातल्या लागोसच्या टुंडेशी. जावई अगदी हिरा! पण त्याची आई पहिल्यांदाच महिनाभर राहायला आली, तेव्हा मला सायलीचीच काळजी लागली. लेक माझी स्वाभिमानी. आजीला नमस्कार कर म्हटलं, तर लांबूनच "हाय आजी!" सासूपुढे हिचं कसं निभावणार?

शनिवारी सकाळी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन अबुधाबीच्याच खलिफा सिटीत तिच्या घरी गेले. टुंडेनं दार उघडलं. आत बघते तर काय! विहीणबाई डोक्याला भरजरी वस्त्र बांधून सोफ्यावर, आणि माझी सायली, ऑफिसात दहा जणांची बॉस, त्यांच्यापुढे दोन्ही गुडघे टेकून बसलेली. मानसुद्धा खाली!

माझं डोकंच फिरलं. डबा टुंडेच्या हातात कोंबला आणि सायलीचा दंड धरला.

"ऊठ आधी! पोरीला शिक्षा करतात? खलास! बॅग भर, चल घरी!"

"आई, स्टॉप इट! गुड मॉर्निंग म्हणतेय मी मम्मींना!"

"गुडघ्यांवर?"

"आमच्याकडे थोरांना असंच करतात," टुंडे डबा सांभाळत हळूच म्हणाला.

विहीणबाईंना मराठी येत नाही, पण माझा आवेश बघूनच सारं कळलं. इंग्रजीत म्हणाल्या, "मी सांगितलं नाही हो. रोज नको म्हणते, ऐकत नाही. माझ्या सख्ख्या मुली व्हिडिओ कॉलवर नुसता हात हलवतात! मी लागोसला फोन करून सगळ्यांना सांगितलं, अशी सून आहे का कोणाची?" मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही फार छान वाढवलीत."

अहो, काय छाती फुगली माझी! मी लगेच त्यांच्या शेजारी बसले आणि पाय पुढे केले.

"ये सायली, आता आईलाही कर."

"फर्स्ट से सॉरी टू मम्मी."

बरोबरच होतं पोरीचं. विहीणबाई माझ्याहून मोठ्या. ओढणी सावरली, गुडघे टेकले, मनापासून सॉरी म्हटलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. डोळे भरून आले हो माझे.

पण उठता येईना! सासू-सुनेनं एकमेकींकडे बघितलं, एकीनं या काखेत हात घातला, दुसरीनं त्या, आणि "यल्ला आई, चल ऊठ!" म्हणत मला उभं केलं.

लेकीला तिथून उठवून न्यायला गेले होते मी. मलाच उठवायला दोघी लागल्या!