दिवा नव्हता, पण गाडी वाजत होती

सोलापुरातली ती घटना मी अजून विसरलेलो नाही. खून, दरोडे, दंगली यांची प्रकरणं माझ्या वाट्याला पुष्कळ आली, पण त्यातली निम्मी आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे प्रकरण मात्र लख्ख आठवतं. त्यात ना हत्यार होतं, ना टोळी. होती एक मोडलेली मांडी आणि गाडीचे मागचे दोन दिवे.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा पोलीस निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. सकाळी हजेरी घेऊन टेबलाशी बसलो, तर ठाणे अंमलदारानं रुग्णालयातून आलेली वर्दी पुढे ठेवली. जुन्या पेठेतल्या एका गल्लीत आदल्या दिवशी तिन्हीसांजेला एका वृद्ध बाईंना गाडीनं मागे येताना धडक दिली होती. मांडीचं हाड मोडलं होतं आणि गाडी पळून गेली होती.

त्या बाईंना सगळी पेठ ओळखत होती. त्या घरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकत. सून हाताखाली होती, मुलगा एका सूतगिरणीत हिशेबनीस. घरात कन्नड, दारात मराठी, असं ते कुटुंब. आम्ही पोलीससुद्धा बंदोबस्ताला निघताना त्यांच्याकडची भाकरी बांधून घ्यायचो, त्यामुळे ठाण्यातले सगळेच त्यांना आजी म्हणत.

मी ठाण्यातल्या एका जुन्या हवालदारांना घेऊन जबाब घ्यायला गेलो. हे हवालदार आणि मी, दोघांनीही पूर्वी मोटार परिवहन विभागात काम केलेलं. आजी पायाला वजन लावून पडल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण आवाज खणखणीत.

"गाडी मागं आली, साहेब. मागचा पांढरा दिवा काय लागला न्हाय. म्हून मला कळलंच न्हाय."

"गाडी कुठली? रंग?"

"अंदार पडत आला होता की."

"चालवणारा दिसला?"

"न्हाय," आजी म्हणाल्या आणि पाणी मागितलं. उशाशी उभ्या असलेल्या सुनेनं पेला पुढे केला. तिचे डोळे रडून सुजले होते. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

मग गल्लीत, आजींच्या दारापुढेच असलेल्या घटनास्थळाचा पंचनामा केला. काच फुटलेली नव्हती, रंगाचा खरवडा नव्हता. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानाचा कॅमेरा होता, पण त्याचं तोंड आतल्या पैशांच्या गल्ल्याकडे होतं. दुकानदाराचा ग्राहकांवर विश्वास नव्हता आणि रस्त्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खबर आली. गल्लीतल्याच एका गृहस्थानं फोन केला, नाव सांगणार नाही म्हणाला. कुंभारीचा एक तरुण ड्रायव्हर भाड्याची पांढरी गाडी घेऊन रोज या गल्लीतून आडमार्गानं जातो, गाडी भन्नाट हाकतो, आणि त्याच्या गाडीचे मागे येतानाचे दिवे लागत नाहीत, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं.

गुन्हे शोध पथकाची पोरं तासाभरात त्याला गाडीसकट घेऊन आली. पंचविशीच्या आतला, काटकुळा मुलगा. मागचा बंपर एका कोपऱ्याला दबलेला. मी गाडीत बसून किल्ली फिरवली, रिव्हर्स गिअर टाकला. मागून हवालदार ओरडले, "दिवा नाही, साहेब."

चौकशीत तो मुलगा दिव्याबद्दल खोटं बोलला नाही.

"दिवे लागत न्हाईत, हे खरं हाय साहेब. मालकाला लईदा सांगितलं. पण त्या सांजंला मी त्या गल्लीत गेलोच न्हाय. अक्कलकोटला पॅसेंजर सोडून रिकामा येत होतो."

"सोबत कोण होतं?"

"कोण असनार? रिकामा होतो."

"बंपर कशानं दबला?"

"धाब्यावरच्या खांबाला लागला. लई दिवस झाले."

प्रश्न उलटेसुलटे करून विचारले. उत्तर तेच. खोटं बोलणाऱ्याच्या गोष्टीत सहसा एखादा साक्षीदार असतो. तो त्यानं आधीच जमवलेला असतो. या मुलाकडे कोणीच नव्हतं. तरीही खबर होती, दबलेला बंपर होता आणि न लागणारा दिवा होता. मी त्याला बसवून ठेवलं. त्याची आई ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसली. ती रडली नाही, भांडली नाही. दुपारी ती बाकावर दिसली नाही, तेव्हा मला वाटलं, घरी गेली असेल.

ती रुग्णालयात गेली होती. हे मला संध्याकाळी कळलं, कारण रुग्णालयाच्या चौकीतल्या शिपायाचा फोन आला की आजींनी साहेबांना आत्ताच्या आत्ता बोलावलं आहे.

मी गेलो. आजी छताकडे बघत होत्या.

"त्या पोराची आई आली होती," त्या म्हणाल्या. "माझ्या पायाला हात लावला तिनं. ज्या पायाला वजन टांगलंय, त्याच पायाला. त्याला सोडा साहेब. ती गाडी त्याची न्हवं."

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर काही पाहिलं नाही म्हणालात."

आजींनी छतावरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "ती गाडी गात होती."

"गात होती?"

"मागं येताना वाजती की गाडी. तसं. ती बाई म्हनली, तिच्या पोराची गाडी मुकी हाय."

नुसत्या शब्दावर संशयिताला सोडता येत नाही आणि नुसत्या संशयावर धरूनही ठेवता येत नाही. ठाण्यात परतल्यावर मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. पटांगणात अजून उजेड होता. हवालदारांनी हत्यारांची पेटी आणली.

वाचकांनी गाडीच्या पोटातली एवढीच गोष्ट ध्यानात घ्यावी. गिअरपेटीवर एक लहानसं बटण असतं. रिव्हर्स गिअर पडला की ते दाबलं जातं आणि करंट एका तारेनं मागे जातो. मागे पोचल्यावर त्याच तारेवरून पांढरे दिवे लागतात आणि मागे येताना वाजणारा भोंगा बसवलेला असेल, तर तोही त्याच तारेवर वाजतो.

मुलाच्या गाडीला भोंगा होता. पण गिअर टाकल्यावर दिवाही नाही आणि आवाजही नाही. आधी फ्यूज पाहिला, शाबूत होता. मागचे बल्ब काढले, तेही चांगले. मग बॅटरीवरून थेट तार लावली, तर दोन्ही दिवे लागले आणि भोंगा टूं टूं करून ओरडला. म्हणजे मागे सगळं ठीक होतं, पुढून करंटच येत नव्हता. बॉनेट उघडून गिअरपेटीवरच्या बटणाच्या दोन तारा काढल्या आणि एकमेकींना जोडल्या. दिवे लागले. बटण गंजून आत रुतलं होतं, त्यावरच्या चिखलाचा दगड झाला होता. ते कालपरवा बिघडलेलं नव्हतं.

मी हवालदारांकडे पाहिलं. ते म्हणाले, "साहेब, ही गाडी मागे येताना वाजूच शकत नाही."

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून तसा लेखी अहवाल घेतला आणि मुलाला सोडलं. आईनं त्याला काही विचारलं नाही, नुसता त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला घेऊन गेली.

आता आम्हाला वेगळीच गाडी शोधायची होती. जिचा भोंगा वाजतो, पण दिवे लागत नाहीत. म्हणजे तिचं बटण चांगलं, तार चांगली, गेले असतील ते फक्त बल्ब. आणि भोंगा साधा नव्हता, गाणारा होता.

हवालदारांनी एक उद्योग केला. गाड्यांचं सामान विकणाऱ्या ओळखीच्या दुकानातून चार-पाच जातींचे भोंगे आणि एक लहान बॅटरी उसनी आणली आणि आम्ही सगळं पिशवीत घालून वॉर्डात गेलो. पहिला भोंगा वाजताच परिचारिका धावत आली. "हा दवाखाना आहे की वरात?" मी तिची माफी मागून दार लावून घेतलं. शेजारच्या खाटांवरचे रुग्ण मात्र खुशीत उठून बसले.

"हे?" हवालदारांनी विचारलं.

"न्हवं," आजी म्हणाल्या.

दुसरा वाजवला. आजींनी कान देऊन पुरता ऐकला. "न्हवं."

तिसरा सुरू झाला. जुन्या आरतीची चाल होती. पहिले दोन सूर झाले न झाले तोच आजी म्हणाल्या, "न्हवं, न्हवं. बंद करा."

मागच्या दोन्ही वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, पण त्या माझ्याकडे बघेनात. मग मी खिडकीकडे पाहिलं. सून डबा उघडत होती. तिचा हात थांबला होता आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

मी बॅटरीची तार काढली. भोंगे पिशवीत घातले, आजींना नमस्कार केला आणि तिथून थेट त्यांच्या घरी गेलो. आजींचा मुलगा नुकताच कामावरून आला होता. दारात, छपराखाली, जाड कापडानं झाकलेली एक लहान गाडी उभी होती. पंचनाम्याच्या दिवशी मी तिच्या शेजारून गेलो होतो. जखमी माणसाच्या घरची गाडी कोण तपासतो?

"ही कुणाची?"

"आमचीच, साहेब. जुनी घेतली. हॉटेलांना भाकरी पोचवायला म्हणून आईनं घ्यायला लावली."

"रिव्हर्स टाका बरं."

त्यानं किल्ली फिरवून गिअर टाकला. आरती सुरू झाली. दिवे लागले नाहीत. हवालदारांनी बल्ब काढून माझ्या तळहातावर ठेवले. दोन्ही काळे पडलेले. मुलाला आधी कळेना की आम्ही काय बघतोय. मग कळलं आणि तो पायरीवर मटकन बसला.

"मी गाडीला हातच लावला नव्हता त्या दिवशी," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

एवढ्यात सून रिक्षातून उतरली. रुग्णालयातून आमच्या मागोमागच निघाली असावी. गाडीवरचं कापड काढलेलं पाहून ती तिथंच उभी राहिली.

"मी सांगते साहेब," ती म्हणाली. "अत्तींना काय विचारू नका. त्यांनी मला शपथ घातली होती." कन्नडमध्ये सासूला अत्ती म्हणतात. त्या घरात तो शब्द मायेनं उच्चारला जात होता, हे मला तेव्हा जाणवलं.

तिच्याकडे शिकाऊ लायसन्स होतं. नवऱ्यानं बजावलं होतं की पक्कं लायसन्स मिळेपर्यंत आणि मागचे दिवे दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही. पण तो कामावर गेला की आजी सुनेला गाडीत बसवत. रोज थोडं पुढे, थोडं मागे. त्या सांजेला आजी मागे उभ्या राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणत होत्या. म्हणता म्हणता मागे सरकल्या, पाय दगडावर अडखळला, आणि सुनेचा पाय ब्रेकऐवजी भलतीकडे पडला.

"मी उतरून किंचाळले," ती म्हणाली. "तर अत्ती खालनं म्हणाल्या, आधी गाडी आत घाल, कापड टाक, मग बोंब मार."

मांडी मोडलेली बाई रस्त्यावर पडल्या पडल्या असा हुकूम देते, हे ऐकून हवालदारांनी तोंडावर रुमाल धरला. मलाही हसू आवरायला कष्ट पडले. नवरा मात्र हसत नव्हता. तो उठून बायकोपाशी गेला. मला वाटलं, आता आवाज चढवेल. त्यानं तिच्या हातातली डब्याची पिशवी घेतली आणि म्हणाला, "आधी बस तू."

दुसऱ्या दिवशी मी आजींचा पुरवणी जबाब घ्यायला गेलो. या वेळी मी जरा कडक आवाजात बोललो. एक निरपराध मुलगा तुमच्यामुळे ठाण्यात बसला, हे त्यांना सांगणं माझं काम होतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ते चुकलं माझं. त्याच्या आईला मी घरी बोलावून माफी मागनार हाय."

"पण खोटं का बोललात? सुनेला तुरुंगात टाकतील म्हणून?"

"तुरुंगाचं कुटं सुचतंय तवा? पडल्या पडल्या मला एकच वाटलं, की आता ही पोरगी परत गाडीला हात लावनार न्हाय. ही भ्याली तर संपलं. आन् ही न्हाय भ्याली, तर माझा ल्योक लावू देनार न्हाय." त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो खाटेच्या पायथ्याशी मान खाली घालून उभा होता. "माझं आयुष्य चुलीम्होरं गेलं साहेब. डोक्यावर टोपली घेऊन मी हॉटेलं फिरले. हिनं गाडीनं जावं, एवढंच मला वाटतंय. आन् मीच 'येऊ दे' म्हनले, तिनं येऊ दिली. त्यात तिचा काय गुन्हा?"

कायद्याला हा युक्तिवाद पुरत नाही. गुन्हा नोंदलेला होता, तो तसाच पुढे न्यायालयात गेला. शिकाऊ लायसन्सवर शिकवणारा सोबत नसताना गाडी चालवल्याचा आणि बेदरकारपणाचा दंड सुनेनं भरला. दुखापतीचा भाग आजींनी न्यायालयाच्या परवानगीनं मिटवला. खोटी माहिती दिल्याबद्दल आजींना खडसावलं गेलं, तेव्हा त्यांनी वॉकर धरून उभ्यानंच कानाच्या पाळीला हात लावला. कुंभारीच्या त्या मुलाला आणि त्याच्या आईला त्यांनी खरंच घरी जेवायला बोलावलं. त्या जेवणाला मीही होतो.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, एक खूण जुळली की थांबू नका. दोन गाड्यांचे दिवे बंद होते, पण दोघींचा बिघाड एक नव्हता, आणि तेवढ्या फरकावर एका मुलाची अब्रू वाचली. दुसरं असं, की माणूस खोटं बोलतोय हे कळलं की आपण लगेच तो काय लपवतोय ते शोधू लागतो. तो कुणाला लपवतोय, हे आधी बघावं. पुष्कळदा गुन्हेगाराऐवजी कुणीतरी जिवाचं माणूस सापडतं. सासू-सुनांच्या तक्रारींची चळत मी नोकरीभर वाचली. त्या चळतीतून माणसांबद्दल जे मत बनलं होतं, ते मला थोडं बदलावं लागलं.

मध्यंतरी मंगळवेढ्याला एका लग्नाला गेलो होतो. तिथल्या बाजारात ज्वारीची पोती भरत असलेली एक मोठी गाडी दिसली. स्टिअरिंगवर सून होती. आजी पुढच्या सीटवर बसून व्यापाऱ्याशी भावावरून हुज्जत घालत होत्या. मला पाहून त्यांनी हाक मारली आणि विचारलं, "सोलापूरला जानार का साहेब? बसा की मागं. माझी सून सोडंल."

मी एसटीचं तिकीट खिशात ठेवलं आणि मागे बसलो.