मदरबोर्डचा बाजारभाव

ठरलेला भाव नावाची गोष्ट या भूतलावर अस्तित्वातच नाही, असं छातीठोकपणे मानणारे एकच गृहस्थ मला ठाऊक आहेत, ते म्हणजे आमचे थोरले साडू. शिंगणापूरला शनीला वाहायच्या तेलासाठीही त्यांनी दुकानदाराशी घासाघीस केली आणि वर आम्हालाच विचारलं, "देव काय बिल मागतोय व्हय?" माझ्या लग्नात मंडपवाल्याने यांच्यापुढे हात टेकले आणि खुर्च्या फुकट देऊन सुटका करून घेतली. तरुणपणी ते बैलबाजारात दलाली करत. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत, टॉवेलाखाली हात धरून बोटं दाबतात. ती सवय त्यांच्या हातातून काही गेली नाही.

आता ते पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावी दूध संकलन केंद्र चालवतात. धंद्याला लॅपटॉप घेतला तो चांगला भारीतला, पण वाढीव वॉरंटी मात्र झिडकारली. "धडधाकट जनावराला आधीच सुई कशापायी?" पुढे वॉरंटी संपली आणि पाठोपाठ लॅपटॉपही संपला. पुण्यातला लेक केव्हापासून केंद्र बंद करा म्हणून मागे लागलेला. त्याने फोनवर सांगून टाकलं, "बाबा, दुरुस्तीला फार लागले तर आता पुरे. मुकाट्याने इकडे या." साडूंच्या तोंडचं पाणीच पळालं.

मला सोबत घेऊन ते नगरच्या सर्व्हिस सेंटरला गेले. मॅनेजर म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय. भारीतला लॅपटॉप, त्याचे पार्टही भारीच. अठ्ठावीस हजार." मी म्हटलं, आणखी थोडे घातले तर नवाच येईल. तेवढ्यात साडूंनी खांद्यावरचा टॉवेल काढून मॅनेजरच्या हातावर टाकला आणि खालून त्याची दोन बोटं दाबली. बिचाऱ्याला वाटलं, म्हातारा नाडी बघतोय. "काका, मला बीपी आहे हे कसं ओळखलंत?" म्हणत त्याने घाबरून यांचा अख्खा पंजा आवळला. बाजारात पंजा म्हणजे पाच! "पाच हजार! सौदा झाला!" साडू गरजले. सगळं सर्व्हिस सेंटर पोट धरून हसलं, मॅनेजरसुद्धा. भाव मात्र एक रुपयाने हलला नाही. साडूंनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि निमूटपणे पूर्ण पैसे भरले. मला त्यांच्याकडे बघवेना.

परतताना एसटीत त्यांनी मला बजावलं, "पाव्हनं, पोरानं इचारलं तर म्हनावं वॉरंटीत झालं, फुकाट. न्हाईतर केंद्राला कुलूप लावंल त्यो."

संध्याकाळी त्याचा फोन आला. मी पढवल्याप्रमाणे बोललो. 

"काका, वॉरंटी कधीच संपलीय. मला माहितीये."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "राहू द्या. मला पटलं म्हणून सांगा त्यांना. चालवू द्या केंद्र. दिवाळीत इथं आले होते ना, तेव्हा मॉलमध्ये चिठ्ठीवर लिहिलेला भाव गुपचूप देत होते. मला नाही बघवलं ते."