बटरपेपरवरची रेघ

आमच्या क्षयाच्या दवाखान्यातले फोटोमास्तर माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. कोणी बोलायला आलं की त्यांची नजर गळ्याखाली, सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापाशी जाऊन थांबायची. मी कर्जतला नर्स म्हणून रुजू झाले त्या दिवशी ते माझ्याशीही असेच बोलले. मी पदर घट्ट ओढून घेतला आणि संध्याकाळी आईला पत्र लिहिलं, की इथला एक म्हातारा काही बरा दिसत नाही. या माणसाला फक्त फुप्फुसं दिसतात, हे कळायला मला महिना लागला.

क्ष-किरणांचं यंत्र तेव्हा नवीन होतं. सोमवारी कर्जत-दहिवलीची माणसं यायची, गुरुवारी खालापूरकडची. मास्तर दिवसभर फोटो काढायचे आणि धुतलेल्या फिल्मी मागच्या पडवीत दोरीवर वाळत घालायचे. वाळलेली फिल्म दिव्याच्या पेटीवर ठेवायची, तिच्यावर बटरपेपर, आणि फुप्फुसातल्या पोकळीची कड शिसपेन्सिलीने गिरवायची. दोन महिने इंजेक्शनं झाली की पुन्हा फोटो आणि पुन्हा बटरपेपर. मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून मास्तर बराच वेळ बघत बसायचे. नवी रेघ जुन्या रेघेच्या आत आली असेल तर औषध लागू पडणार. कड जाड असेल आणि जागची हललीच नसेल, तर नाही. डॉक्टर आठवड्यातून दोनदा बाहेरगावाहून येत. त्यांना आधी या उद्योगाचं हसू यायचं. वर्षअखेरीस त्यांनी मास्तरांचे अंदाज रोग्यांच्या प्रकृतीशी ताडून पाहिले, आणि तेव्हापासून ते मास्तरांच्या शेजारी स्टूल ओढून बसू लागले.

कागद ठेवण्याआधी मास्तर फिल्मच्या कोपऱ्यातल्या नावावर काळी पट्टी चिकटवत. साताठ फिल्मी अशा झाकून पत्त्यांसारख्या पिसत, म्हणजे कुठली कोणाची ते त्यांनाही कळू नये. मी एकदा चिडवलं, "मास्तर, नाव वाचलं तर काय तुम्हाला रोग लागेल?"

"नाव दिसलं का हात आपला राहत नाय, बाई," ते म्हणाले. "वळखीचा मानूस असला का पोकळी बारीक निघते, नायतर भीतीनं मोठी निघते. पेन्सिलीला कोन कुनाचं ते कळता कामा नये."

एकदा मात्र त्यांची जीभ घसरली होती. कडावच्या एका शेतकऱ्याने त्यांना बाजारात गाठून विचारलं, "मास्तर, माजा फोटू कसा हाय?" मास्तर सरळ माणूस, म्हणाले, औषध लागू पडेल असं दिसत नाय. "मग कशाला हेलपाटे घालू?" असं म्हणून तो गेला तो परत आलाच नाही. डॉक्टर पुढच्याच आठवड्यात त्याचं औषध बदलणार होते. भातकापणीच्या आधी तो गेला.

तेव्हापासून मास्तर आपला अंदाज चिठ्ठीवर लिहीत, पाकिटात घालून डिंकाने बंद करत, आणि पाकिटं वर्ष सरल्यावर डॉक्टरांसमोरच फोडत. पण लोकांना चिठ्ठी कशाला लागते? ते मास्तरांचा चेहरा वाचायला लागले. "बोलू नका मास्तर, नुसती मान हलवा," म्हणत रोगी त्यांच्या उंबऱ्यावर बसून राहायचे. मग मास्तरांनी लग्नकार्याला जाणं सोडलं, देवळात जाणं सोडलं, भाजीसुद्धा खाली मान घालून आणू लागले. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. दुपारी चार वाजता पडवीत माझ्याबरोबर चहा घ्यायचे, तेवढंच काय ते त्यांचं बोलणं.

मग मला खोकला लागला. संध्याकाळचा ताप येऊ लागला. मास्तरांनी मंगळवारी, दवाखान्यात कोणी नसताना, माझा एकटीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसात पोकळी निघाली. जन्मभर इतरांना टोचणारी मी स्वतः टोचून घेऊ लागले. भिवपुरीच्या भावाकडे गेले तर माझी कपबशी वेगळी ठेवलेली. निघताना तो म्हणाला, "ताई, पोरं ल्हान हायत. आता बरी होईस्तोवर नको येऊ गं." त्याचं बरोबर होतं, हे नर्स असून मला कळत होतं. राग मात्र अजून गेलेला नाही.

दोन महिन्यांनी दुसरा फोटो झाला, तोही एकटीचाच. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यामागच्या माझ्या खोलीत दोघांचा चहा टाकला. मास्तर आले नाहीत. त्यानंतर दहा महिने आले नाहीत. मी दिसले की मागच्या दाराने जायचे. दर दोन दिवसांनी माझ्या दारात चार अंडी ठेवलेली असत, बटरपेपरात गुंडाळलेली, म्हणजे कोणी ठेवली ते विचारायला नकोच. डॉक्टर म्हणत होते, "उतार आहे, औषध चालू ठेवा." मला ते समजूत काढल्यासारखं वाटे. मास्तरांनी तोंड चुकवलं म्हणजे काय, हे मला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं. कुठलं लुगडं कोणाला द्यायचं याची मी यादीसुद्धा करून ठेवली.

वर्षाने फोटो स्वच्छ आला. एक बारीकसा वण, बस्स. त्या दिवशी चार वाजता मास्तर स्वतः चहाची किटली घेऊन दारात उभे राहिले. त्यांनी पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

"बाई, माजं चुकलं."

"चुकलंच," मी फणकारले. "दहा महिने एकटीने चहा प्यायला लावलात."

त्यांनी मान डोलावली आणि कप भरले. पुढे पाकिटं फोडली तेव्हा माझं निघालं नाही. "गावत नाय," मास्तर म्हणाले. एक चिठ्ठी कधी न हरवणारा माणूस. पण मी इतकी आनंदात होते की विचारलंच नाही.

निवृत्त होऊन मास्तर खालापूरच्या पुढे आपल्या गावी गेले, आणि काही वर्षांनी तिथेच वारले. त्यांचा पुतण्या एक पाकीट घेऊन माझ्याकडे आला. "काका बोल्ले व्हते, बाईंच्या हातातच दे." डिंक अजून शाबूत होता. आत दोन बटरपेपर आणि चिठ्ठी: औषध लागू पडणार नाही.

माझ्या फिल्मी डॉक्टरांनी मलाच देऊन टाकल्या होत्या. दुसरी फिल्म काढून मी खिडकीच्या काचेला लावली आणि तिच्यावर मास्तरांचा दुसरा कागद धरला. पोकळी दोन महिन्यांतच आक्रसायला लागली होती. शिकाऊ पोरीलाही दिसलं असतं. पण मास्तरांची रेघ सगळीकडून बोटभर बाहेर गेली होती. त्या दिवशी फिल्म एकच होती. नाव झाकून तरी काय उपयोग?

दहा महिने आम्ही दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना, एकेकटे, माझ्या मरणाची वाट बघत बसलो होतो. आणि मी त्यांना चहावरून बोलले होते.