देल्मिरावर रचलेलं गाणं

बाराकास मोहल्ल्यातल्या आमच्या चाळीत देल्मिरा घरीच शर्टांच्या कॉलरी शिवायची. तिचा नवरा निकानोर टँगोची गाणी लिहायचा, पण ती कुणी गात नसे. तो दिवसभर कॅफेत यमकं जुळवत बसायचा आणि इकडे देल्मिराचं मशीन अंगणभर ऐकू यायचं.

एका हिवाळ्यात ती कॉलरी पोचवायला गेलेली असताना निकानोर ट्रंक घेऊन बाहेर पडला. मी दारातच माते, म्हणजे आमचा तो कडू चहा, पीत बसले होते. "आई आजारी आहे," मला म्हणाला. त्याच्या आईच्या मयताला मी स्वतः गेले होते! टोपीच्या दुकानातल्या पोरीला घेऊन तो नदीपलीकडे मोंतेविदेओला पळाला, हे संध्याकाळी कळलं. देल्मिरा खूप रडली, आणि पुन्हा मशीनवर बसली.

पुढच्या वर्षी रेडिओवर त्याचं गाणं लागलं. गाण्यातली बाई कॉलरी शिवते, तिच्या गालावर तीळ आहे. पैसेवाल्याला भुलून ती घर सोडते, आणि बिचारा नवरा रिकाम्या खोलीत तिचा रुमाल छातीशी धरून बसतो. देल्मिराच्या गालावरचा तीळ अख्ख्या मोहल्ल्याला माहीत होता.

"काय बाई, आलात का परत?" खाटीक म्हणाला.

"गेले कुठे होते मी?"

दुकानात हशा पिकला. तो तिनं सोसला. पण तिचा सख्खा भाऊ रामीरो घरी आला आणि हळूच म्हणाला, "देल्मी, खरं सांग, तुझंच काही होतं का गं?" तेव्हा ती भिंतीला टेकून खालीच बसली.

मग रविवारच्या दुपारी आमच्या क्लबातल्या नाचाला निकानोर पाहुणा म्हणून आला. मला सोबत घेऊन देल्मिरा थेट त्याच्यापुढे उभी राहिली.

"कोण कुणाला सोडून गेलं, निकानोर?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "अगं, गाणं आहे ते. नवरा पळाला तर कोण रडतं? बायको पळाली की लोक रडतात."

"मी रडले होते."

"तुझ्या रडण्याला कोण विचारतो?"

मला वाटलं, आता हिचा हात उठणार. तेवढ्यात वाद्यवृंदानं त्याच गाण्याची चाल धरली. पलीकडून ट्रामवाल्या एउसेबियोनं 'नाचणार का?' असं नजरेनंच विचारलं, आणि देल्मिरा निकानोरकडे पाठ करून नाचायला गेली. सुरुवातीला अंग ताठ होतं. मग तिनं डोळे मिटले. निकानोर पेला हातात धरून तसाच उभा.

परतताना ती म्हणाली, "शब्द त्या मेल्याचे. चाल दुसऱ्या कुणाची आहे, आणि छान आहे."

त्यानंतर ती दर रविवारी नाचायला जाऊ लागली. लोकांची समजूत काढायच्या भानगडीत ती पडली नाही. रेडिओवर ते गाणं लागलं तर बंदही करायची नाही.

रामीरो नाताळला यायचा. ती त्याला पोटभर जेवू घालायची, बायकामुलांची चौकशी करायची. स्वतःबद्दल मात्र तिनं त्याला पुन्हा कधी काही सांगितलं नाही.