पांझरेकाठची पूररेषा

बापूसाहेबांनी मला फसवलं आणि मी हिराअक्काला फसवलं. त्यांनी ते जाणूनबुजून केलं, माझ्याकडून नकळत झालं. पण या फरकाचा हिराअक्काला काही उपयोग नव्हता. तिच्या घराचा पाया खणून झाला होता, आणि त्या खड्ड्याच्या कडेला मला नदीचा गाळ दिसत होता.

तिथवरची हकीकत आधी सांगतो.

मी मूळचा असोद्याचा. शाळा चौथीपर्यंत. पुढे सर्व्हेच्या साहेबाच्या हाताखाली साखळी ओढायला लागलो. साखळी म्हणजे जमीन मोजायची लोखंडी चेन. ती ओढता ओढता लेव्हल लावायला शिकलो, प्लॅन काढायला शिकलो, आणि साहेबाशी भांडून नोकरी सोडली तेव्हा धुळ्यात स्वतःच्या नावाची पाटी लावली. मला डिग्री नाही. म्हणून लोक माझ्याशी निम्म्या फीपासून बोलायला सुरुवात करतात. मी दुपटीपासून करतो.

देवपूरच्या बाजूला काठाने जमिनी असलेल्या दहा-बारा मालकांनी एक मंडळी केली होती. बापूसाहेब तिचे चेअरमन. त्यांची कापसाची जिनिंग होती आणि काठाला मोठं रान होतं. गाव नदी ओलांडून वाढू लागलं होतं आणि ज्याला त्याला देवपुरात घर हवं होतं. बापूसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "पुढच्या तीस वर्षांचा काठाचा प्लॅन करायचा. भिंत कुठे बांधायची, पाणी कुठे पसरू द्यायचं, धोबी कुठे, गुरं कुठे, वाळू कुठून उचलायची नाही, घरं कुठे. सगळं एकदाच ठरवून टाकू."

कल्पना उत्तम होती. मी आजही तसंच म्हणतो. पांझरा आठ महिने पायाखालून जाते. माणूस तिला विसरतो आणि तिच्याच अंगणात ओटा बांधतो. तीस वर्षांचा विचार करायचा तर तिला लागेल तेवढी जागा आधी मोकळी सोडावी लागते, मग उरलेली माणसांनी वाटून घ्यायची. असं बोलणारा जमीनदार मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिथेच मला शंका यायला हवी होती.

मी माझी अट घातली. "पूररेषा मी ठरवणार. एकदा ठरली की माझ्या सहीशिवाय कोणी ती हलवायची नाही."

"कबूल," बापूसाहेब म्हणाले. "मग आमचीही एक. मंडळीच्या सभेचा ठराव झाल्याशिवाय तुम्हीही ती हलवायची नाही."

"मी कशाला हलवेन?"

"मग काय अडचण?"

काहीच नव्हती. दोन्ही अटी कागदावर आल्या. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की आज मी बापूसाहेबांना बांधून घेतलं. ती म्हणाली, "एवढ्या लवकर?" मी तिच्यावर खेकसलो.

आता पूररेषा म्हणजे काय ते सांगतो. सगळ्यात मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढलं, तेवढ्याच उंचीवरून काठाकाठाने काढलेली रेषा. तिच्या खाली घर नाही. ती काढायला लेव्हल लागते. लेव्हल म्हणजे तिपाईवर बसवलेली दुर्बीण, जी फक्त आडवी, सरळ रेषेत बघते. समोर एक माणूस आकडे रंगवलेली पट्टी उभी धरतो. दोन जागांचे आकडे वाचले की कोणती किती उंच ते कळतं. पण सुरुवातीला एक पक्की खूण हवी. तिला बेंचमार्क म्हणतात. तीच चुकली की पुढचं सगळं काम चुकतं. नुसतं चुकत नाही, अगदी नीटनेटकं, सुबक चुकतं.

मोठ्या पुराची खूण कागदावर कुठेच नव्हती. काठावर मात्र होती. आजोबांच्या काळात एक महापूर आला होता. पाणी जिथे थांबलं तिथे लोकांनी एक दगड बसवला, त्याला शेंदूर लावला. दर वर्षी पावसाळा सरला की बायका तिथे जाऊन नदीची ओटी भरतात. नदीला त्या गंगाच म्हणतात. तो दगड आता नव्या चौथऱ्यावर होता, पुढे चार दगडी पायऱ्या. मी काठावरच्या सहा म्हाताऱ्यांना एकेकटं गाठून विचारलं, "महापुराचा दगड हाच ना?" सगळे हो म्हणाले. "इथेच ना?" "हो, देव इथेच." सहाही जणांचं एकच उत्तर. खात्यात असतानासुद्धा इतका एकमुखी पुरावा मी कधी पाहिला नव्हता.

त्यातला एक धोंडू आबा. फडाच्या, म्हणजे सामाईक बागायतीच्या, बंधाऱ्यावर पाटकरी म्हणून त्याचा जन्म गेला होता. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी पाळीपाळीने शेतांना देणारा. मी दुर्बीण लावून उभा असलो की तो शेजारी येऊन बसायचा.

"भाऊ, त्या नळीमा पानी दिखस का?"

"तीस वर्षांनंतरचं दिसतं, आबा."

"तीस वरीसनंतर तू बी नही नि मी बी नही. नदी ऱ्हाई."

मी हसलो आणि पुढचा आकडा लिहून घेतला.

हिवाळ्यात काम संपलं. दगडाच्या उंचीवरून मी अर्धा मैल पूररेषा काढली, दर शंभर पावलांवर खुंट्या ठोकल्या. बापूसाहेबांचं जवळजवळ सगळं रान रेषेच्या वर आलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रेषा दुर्बिणीतून येते, चेअरमनकडे बघून येत नाही, असं मी तेव्हा म्हणत असे. मंडळीने प्लॅन मंजूर केला. बापूसाहेबांनी रानाचे प्लॉट पाडले आणि माझा प्लॅन जिनिंगच्या दाराशी काचेत लावला.

तो प्लॅन बघायला हिराअक्का आली. चोपड्याकडची, बांगड्या भरणारी. नवरा गेलेला, दोन मुली पदरात. पेठेत भाड्याच्या खोल्या बदलून बदलून ती थकली होती. घरात पुरुष नाही म्हणून कोणी वर्षभरसुद्धा टिकू देत नव्हतं. तिने काचेवर बोट ठेवलं.

"भाऊ, ही तुमची सही?"

"माझीच."

"मला नकाशा कळत नाही. तुम्ही तोंडाने सांगा. पाणी येईल का?"

"नाही येणार."

"मुलींना घेऊन राहायचंय मला."

"अक्का, नाही येणार म्हटलं ना."

ती म्हणाली, "बरं. घेते." मुलींसाठी ठेवलेलं सोनं मोडून तिने प्लॉट घेतला.

उन्हाळा संपत आला तेव्हा तिच्या पायाचा गवंडी मला बोलवायला आला. म्हणाला, "खड्डा बघा एकदा. माती बरी नाही." मी गेलो. वर काळी माती होती. तिच्याखाली बोटभर वाळू, बोटभर गाळ, पुन्हा वाळू, जशी पानं एकावर एक ठेवावीत. मधे शिंपले आणि एका फुटक्या मडक्याची खापरी. ही नांगराची माती नव्हती. ही वाहून आलेली होती. मी तिथेच लेव्हल लावली. तो थर माझ्या रेषेच्या वीतभर वर होता. नदी तिथे येऊन गेली होती, आणि माझा प्लॅन म्हणत होता की ती येणारच नाही.

मी धोंडू आबाला शोधून काढला. तो बाजेवर बसून वाखाची दोरी वळत होता.

"आबा, तो दगड पहिल्यापासून तिथेच आहे?"

तो वाख वळतच राहिला.

"आबा, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"तू देवनी जागा इचारी," तो वाखावरची नजर न काढता म्हणाला. "देव जठे बसना तीच त्यानी जागा. पानी कोठलोंग उनं व्हतं, हाई तू इचारंच नही."

मग तो उठला आणि मला घेऊन गेला. चौथऱ्याच्या मागे चढ होता. वर एक जुना निंब. त्याच्या मुळांशी बसायच्या पाटाएवढा खळगा होता आणि त्यात अजून शेंदराची माती होती. दगड तिथे होता. मी लेव्हल आणून मोजलं. तीन हातांपेक्षा जास्त फरक.

रीत अशी आहे. देव एका जागेवरून उठवून दुसऱ्या जागी बसवला, होम झाला, प्रतिष्ठा झाली, की जुन्या जागेचं नाव काढायचं नाही. काढलं तर देवाला आपण उपरा म्हटल्यासारखं होतं. म्हणून सहाही म्हातारे खरं बोलले होते. प्रश्नच मी भलता विचारला होता.

"कधी हलवला? कोणी?"

"दोन वरीस झाये. बापूसाहेबनी. म्हातारी बायास्ले चढता येत नही म्हने." आबाने माझ्याकडे पाहिलं. "तू व्हता ना जेवाले."

मी होतो. जीर्णोद्धाराचं जेवण होतं, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. मी पंगतीत बसून पाच बट्ट्या खाल्ल्या होत्या. मला वाटलं होतं चौथरा नवा बांधला.

तसाच जिनिंगवर गेलो. बापूसाहेब चहा पीत होते.

"दगड तुम्ही खाली आणला."

"जीर्णोद्धार केला. पुण्याचं काम आहे."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पंगतीला होतात. आणखी काय पत्रिका छापायची?"

"बापूसाहेब, रेषा तीन हात वर जाते. तुमचे सगळे प्लॉट पुरात आहेत."

"तुमच्या प्लॅनमध्ये नाहीत."

"प्लॅन मी बदलतो."

त्यांनी कपाटातून कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. सभेच्या ठरावाशिवाय तुम्ही रेषा हलवायची नाही. खाली माझी सही. "तुमच्यासारखा व्यवहारी माणूस," ते म्हणाले, "वाचल्याशिवाय सही करत नसेल."

मी सभा मागितली. सभा झाली. तोवर मंडळीतल्या निम्म्या लोकांनी आपापले प्लॉट विकले होते. मी खड्ड्यातल्या मातीबद्दल बोललो, निंबाबद्दल बोललो. एक मेंबर म्हणाला, "म्हणजे देव चुकीच्या जागी बसलाय असं तुमचं म्हणणं?" मी म्हटलं, देव कुठेही बसू दे, पाणी कुठे बसेल ते बघा. त्यावर दोघे जण उठून गेले. पुढे कोणी ऐकून घेतलं नाही. ठराव झाला नाही. माझं पत्र फाइलला लागलं.

मग उरलं ते सगळ्यात वाईट काम. हिराअक्काला सांगायचं. जोतं घोट्याएवढं वर आलं होतं. ती विटा मोजून घेत होती. मी तिला सहा म्हातारे, हललेला दगड, सगळं सांगितलं.

"अक्का, मी चुकीचं सांगितलं. पाणी येईल."

तिने वीट खाली ठेवली. "कधी?"

"ते नाही सांगता येत. यंदा किंवा वीस वर्षांनी."

"प्लॉट परत घेतील?"

"मी विचारलं. नाही म्हणतात."

"तुम्ही विचारलंत," ती म्हणाली. "मागे पण तुम्हीच विचारलं होतंत ना? सहा म्हाताऱ्यांना?" तिने वीट पुन्हा उचलली. "मग आता उभे का राहिलात? कुठवर बांधू ते सांगा. या वेळी बघून सांगा."

मी सांगितलं. जोतं आणखी तीन हात उंच, घडीव दगडाचं, मधे मुरूम ठोकून. खोल्या तीनच्या दोन होतील. गवंडी हसला. म्हणाला, "घर आहे का माची?" अक्का त्याला म्हणाली, "तू तुझं काम कर." रोज सकाळी मी तिथे उभा राहून एकेक थर लेव्हलने तपासला. माझ्या आयुष्यात इतकं लहान काम इतकं लक्ष देऊन मी केलेलं नाही. शेजारच्या सगळ्या प्लॉटवाल्यांनाही दारोदार जाऊन सांगितलं. ते काचेतल्या प्लॅनकडे बोट दाखवायचे. "ही सही कोणाची?"

पाणी दुसऱ्याच वर्षी आलं. महापूर नव्हता. म्हाताऱ्यांच्या हिशेबी मधला पूर. दुपारी चौथऱ्याच्या पायऱ्या बुडाल्या, मग दगड बुडाला, मग ते गल्लीत शिरलं. सात घरांच्या मातीच्या भिंती बसल्या. दिवसाची वेळ होती म्हणून माणसं वर निंबाकडे पळाली आणि वाचली. हिराअक्काच्या उंबऱ्याला पाणी दीड हात खाली राहिलं. तिच्या दोन खोल्यांत त्या आठवड्यात चार कुटुंबं राहिली. मी होडीतून तिच्याकडे गेलो तेव्हा ती दारातच बसली होती. म्हणाली, "भाऊ, घर राहिलं. पण तुम्ही मला वाचवलंत असं कुठे सांगत फिरू नका." मी सांगितलं नाही. इथेही ती जे म्हणाली तेवढंच लिहिलं आहे.

गावात मात्र वेगळंच झालं. पूर ओसरल्यावर बापूसाहेबांनी सात घरांना घोंगड्या वाटल्या आणि म्हणाले, "काय करणार, बिनडिग्रीच्या माणसाला काम दिलं ही आमची चूक." आजही देवपुरात मला लेव्हलवाला बुडव्या म्हणतात. मी ऐकून घेतो, कारण त्यातलं निम्मं खरं आहे.

या धंद्यात नव्याने येणाऱ्याला मी एवढंच सांगतो. दगडाला, खुंटीला, कागदाला पूर विचारू नका. ज्याचं घर वाहून गेलं होतं त्याला विचारा, आणि पाणी कुठवर आलं एवढंच विचारा. दुसरं, जो माणूस तुमची अट पहिल्याच दमात कबूल करतो, त्याच्या घरून उठून या.

माझ्या चुकीचा जाब मी दिला आहे, सात घरांना त्यांच्या अंगणात उभा राहून आणि अक्काला तिच्या दारात. बापूसाहेबांनी अजून दिलेला नाही. त्यांनी मंडळीची सभा बोलवावी, त्या सात घरांच्या लोकांना समोर बसवावं आणि सांगावं की आपलं रान रेषेच्या वर यावं हे त्यांनी दगड उठवण्याआधी ठरवलं होतं की नंतर. मला घोंगडी नको. मला ते उत्तर हवं आहे, पण त्यांनी ते मला नाही, त्या सात घरांना द्यावं.